ओटा रद्द

५ फेब्रुवारी
तळोद्याच्या प्लॉटवर नारळ फोडला. आता घराचा प्लॅन. तो मी स्वतः करणार. अजित इंजिनिअरने फक्त कॉम्प्युटरवर रेघा मारायच्या. पतपेढीत एवढी वर्षं कॅशियर आहे, कुठली वस्तू कुठे ठेवायची ते मला कळतं.

माय धानोऱ्याहून कायमची राहायला यायला तयार झाली. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी. किती दिवस विनवण्या करत होतो. तिची अट एकच : घरासमोर ओटा पाहिजे. जागच्या जागी कबूल केलं. ओट्याला काय लागतं?

९ फेब्रुवारी
प्लॉटच्या मागे ऊस आहे. घेताना हिरवं, प्रसन्न वाटलं होतं. आज चहावाला म्हणाला, त्या उसात बिबट्या आहे, पलीकडच्या वस्तीवरची शेळी नेली. हे तो साखर ढवळता ढवळता म्हणाला.

मी घाबरलेलो नाही. मागची बाल्कनी रद्द. तशीही वापरात आली नसती.

१२ फेब्रुवारी, सकाळ
झोप नाही. सध्याच्या भाड्याच्या घरात बाथरूम अंगणाच्या टोकाला आहे. दिवेलागणीनंतर पाणी पिणं बंद केलंय. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलंय, पण डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर राहतात.

नव्या घरात बाथरूम, टॉयलेट सगळं आत. खिडक्या सात फुटांवर. अजित म्हणाला, काका, एवढ्या उंच खिडकीतून दिसणार काय? म्हटलं, आपल्याला हवा पाहिजे, देखावा नको.

१७ फेब्रुवारी
जागृतीला स्वयंपाकघराचं मागचं दार पाहिजे. भांडी घासायला, पापड वाळवायला, शेजारणीशी बोलायला. दार मागे उघडतं म्हणजे उसाकडे उघडतं, हे तिच्या लक्षात येत नाही. बायको आहे, समजून घ्यायला हवं. दार रद्द केलं आणि दोन सिंक देतो म्हटलं. तिने मिक्सर लावला. खूप वेळ लावला. नंतर पाहिलं तर त्यात काही नव्हतं.

२३ फेब्रुवारी
प्लॉटवर धुळीत पंजा! स्कूटरवर बसून घेतलं (सकाळी नाश्ता झाला नव्हता). फोटो काढून वनखात्याच्या माणसाला पाठवला. त्याने कळवलं, कुत्रा. फोटो घाईत पाहिला असावा.

ओट्याचा शांतपणे विचार केला. माय तिथे बसून गहू निवडणार. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, उकाडा वाढला की तिथेच खाट टाकून झोपणार. म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. हे मी माझ्यासाठी करत नाहीये. मायच्या सेफ्टीसाठी ओटा रद्द.

तिला आत्ताच सांगायचं नाही. घर बघून ती इतकी हरखेल की ओटा आठवणारच नाही.

२ मार्च
वनखात्याने उसाच्या बांधावर पिंजरा लावला. भर दुपारी जाऊन पाहिला, स्कूटर चालू ठेवून. फार सुंदर काम. जाळीचा गेज, म्हणजे तारेची जाडी, विचारून घेतला. आपल्या सगळ्या खिडक्यांना हीच. मी दिवसभर पतपेढीत जाळीमागे बसतो, अनुभवाने सांगतो, जाळीच्या आत माणूस शांत राहतो.

मुख्य दार समोर नको. समोरचं दार कोणालाही दिसतं. बाजूने बोळ, बोळाच्या टोकाला दार, दाराच्या आत आणखी एक दार. अजितने विचारलं, पाहुणे येणार कसे? म्हटलं, फोन करून.

११ मार्च
ऊसतोड सुरू झाली. ऊस तुटला की बिबट्या जाईल, असं सगळे म्हणतात. कुठे जाईल ते कोणी सांगत नाही. ऊस जसजसा कमी होतोय तसतसा मी रात्री कडी जास्त वेळा तपासतोय. रोज एक पट्टा मोकळा होतो आणि बिबट्या उरलेल्यात असतो.

प्लॅन फायनल. अजितने प्रिंट दिली, वर स्वतःचं नाव टाकायचं विसरला. विचारलं तर म्हणाला, राहू द्या काका, तुमचंच घर आहे.

२० मार्च
आज आखणी. पाया खणण्याआधी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने अख्खं घर आखायचं आणि घरातल्या थोरल्या बाईने पाण्याचा कळस घेऊन पहिल्यांदा आत जायचं, ही आमच्याकडची पद्धत. रेघ म्हणजे भिंत. ओलांडायची नाही.

माय सकाळच्या एसटीने आली. नवं लुगडं. कळस डोक्यावर घेऊन घरासमोर उभी राहिली. मग डावीकडे गेली. मग मागे. सगळ्या घराला वळसा घालून पुन्हा पुढे. कळसातलं पाणी खांद्यावर सांडत होतं. भाऊबंद उन्हात उभे. शेवटी जागृतीने तिला बोळ दाखवला.

आत सगळं फिरली. कळस देवघराच्या कोपऱ्यात ठेवला, दोन्ही दारांतून परत बाहेर आली आणि समोर, रेघेबाहेर, मातीत बसली.

"ओटा कोठे शे रे?"

मी बैठकीची लांबी-रुंदी सांगू लागलो. तिने बांधावरच्या पिंजऱ्याकडे पाहिलं.

"त्या पिंजराले दार तरी समोर शे." मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. "मन्हं धानोरंच बरं शे."

सगळे जेवायला गेले. मायला दोन दिवसांत पटवेन. प्लॅनमध्ये चूक नाही, सांगण्याची वेळ चुकली.

२१ मार्च
हे लिहून ठेवणं आवश्यक आहे म्हणून लिहितो.

मायचा कळस प्लॉटवरच राहिला होता. काल संध्याकाळी आणायला गेलो. उजेड होता. म्हणजे सुरुवातीला होता. उसाचा शेवटचा पट्टा उभा होता. त्यात काहीतरी सरकलं. मोठं.

मी पळालो. रस्ता समोर होता, स्कूटर समोर होती. मी घरात पळालो. बोळातून गेलो, पहिल्या दारातून, दुसऱ्या दारातून, कोठीच्या खोलीत जाऊन खाली बसलो. एकही रेघ ओलांडली नाही. हात मागे कडी शोधत होता. चारी बाजूंनी मोकळं रान, आणि मी फक्कीच्या चौकोनात गुडघे पोटाशी घेऊन. देवाशपथ, इतका कधीच घाबरलो नव्हतो.

उसातून वासरू निघालं. ते देवघरात शिरून कळसातलं पाणी प्यायलं आणि गेलं. तरी मला उठता येईना.

काळोख पडला तेव्हा बॅटरीचा उजेड आला. माय. मी सांगितलं, कोठीचं व्हेंटिलेशन चेक करतोय. ती बोळ शोधत बसली नाही. रेघांवर पाय देत सरळ आत आली. कळस उचलला, म्हणाली, "चाल." घरापर्यंत ती माझ्या मागे चालली. लहानपणी मी तिला असंच चालायला लावायचो, पाठ उघडी नको म्हणून. मी काही सांगितलं नव्हतं.

२२ मार्च
मायची पिशवी भरलेली. दुपारच्या गाडीने धानोरा. मी आतल्या खोलीत प्रिंट पसरून बसलो होतो. बाहेर जागृती तिला विचारत होती, तिकडे एकटीने कशाला राहायचं, भीती नाही वाटत?

"धानोरामा माले कसानं भ्याव? मी मन्हाकरता इकडे नही येस वं. मन्हा गिरधरले भ्याव लागस, धाकला व्हता तवयपाईन. मी ओटावर निजसू, मंग त्याले झोप लागी."

मी प्रिंटकडे बघत राहिलो. फार लाज वाटली. बरंही वाटलं, ते जास्त लाजिरवाणं.

मग बाहेर जाऊन पिशवी मायच्या हातातून घेतली आणि तिच्यासमोरच अजितला फोन लावला. बोळ रद्द. दार समोर. जागृतीचं मागचं दार पुन्हा. ओटा खाट मावेल एवढा, ऐसपैस. माय पिशवी परत घेऊन रिकामी करायला बसली.

नंतर अजितला एकट्याने पुन्हा फोन केला. ओट्याला लागून आतल्या बाजूला माझी खाट. मधल्या भिंतीत एक खिडकी. सात फुटांवर नको, खाली, उशीच्या उंचीला. मायचा खोकला ऐकू आला पाहिजे.

अजितने कारण विचारलं. क्रॉस व्हेंटिलेशन, म्हटलं.