चार नंबरचा आग्नेय कोपरा

२८ एप्रिल २००६, शुक्रवार

पोचलो एकदाचे! बेसिंगस्टोकहून साडेसहा तास. माझी पाठ गाडीतच राहिली आहे बहुतेक.

नकुल महिनाभर सांगत होता, "बाबा, प्रॉपर रेल्वे कॉलनी आहे, तुम्हाला आवडेल." कॉलनी! एका रांगेत दगडी चार घरं, एक मोडकी केबिन, सायडिंगचा उखडलेला बांध — आणि बाकी चहूकडे माळ. झाड औषधालाही नाही. मनमाडच्या पुढे असतो तसाच, फक्त हा ओला. नाव हार्कर्स मॉस. मॉस म्हणजे इकडे उत्तर इंग्लंडात दलदल, असं नकुल म्हणतो. छान जागा निवडली!

लाइन चालू आहे. गाड्या जातात, थांबत नाहीत. चौतीस वर्षं रूळ तपासण्यात गेली, त्यामुळे घराआधी रूळच पाहून आलो. ट्रॅक उत्तम ठेवलाय. एक गोष्ट मात्र कळली नाही. घरांसमोर आली की प्रत्येक गाडी एक लांब शिट्टी देते. ना फाटक, ना वळण, ना बोगदा. मग शिट्टी कशाला?

२९ एप्रिल, शनिवार

चार नंबर आपला. म्हणजे नकुल-ऋजुताचा. लिलावात घेतला. दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही म्हणे. नकुलला ते नशीब वाटतं. मला जरा खटकलं, पण गप्प बसलो. पोराचं पहिलं घर आहे. मी जन्मभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो, दर बदलीला नवा नंबर. क्वार्टरची वास्तुशांत कोण करतो? सुलक्षणाची ती एकच हौस राहिली. ती असती तर आज तिनं मला बसू दिलं नसतं.

म्हणून वास्तुपुरुषाची प्रतिमा मी भुसावळहूनच घेऊन आलोय. उद्या अक्षय्य तृतीया. भटजी नसला तरी मुहूर्त पाहायला नको.

संध्याकाळी वाद. ऋजुता म्हणाली, "बाबा, डीडमध्ये एक क्लॉज आहे. फ्लोअर काढायचा नाही, गार्डन खोदायचं नाही. नाइन्टीन ट्वेंटी-थ्रीचा आहे. आपण प्रतिमा देवघरात ठेवूया ना." नकुल हसला. "अगं, जुन्या डीडमध्ये काहीही असतं. कोंबड्या पाळायच्या नाहीत, असंही लिहिलंय. सॉलिसिटरनं इग्नोअर करायला सांगितलं." मी म्हटलं, प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते, शोकेसमध्ये मांडायची नसते. जरा जोरातच म्हटलं. पोरीचं तोंड उतरलं. समजूतदार आहे, उलटून बोलली नाही.

तिचं मनगट मागच्या फाटकाच्या खिट्टीनं चांगलंच खरचटलंय. हळद लाव म्हटलं, तर क्रीम लावलं.

एक नंबरमध्ये मिसेस थ्वेट नावाच्या म्हाताऱ्या बाई राहतात. मधली दोन घरं बंद, मालक वर्षातून एकदा येतात. बाईंनी बटाटे कशात लावलेत? न्हाणीघरातल्या जुन्या टबात! गाजरं ट्रकच्या टायरात. समोर एवढी जमीन पसरली आहे आणि हे टबात बटाटे लावतात. हसून हसून पुरेवाट झाली.

३० एप्रिल, रविवार. अक्षय्य तृतीया

झाली! सुलक्षणे, झाली गं.

ढगांमुळे सूर्य कुठे आहे कळेना. पण लाइन इथे बरोबर उत्तर-दक्षिण जाते, त्यावरून आग्नेय काढली. मागच्या खोलीचा कोपरा. दोघं पाटावर बसली. नकुल पुस्तक हातात धरून अडखळत मंत्र वाचत होता आणि मी पहारीनं फरशी उचलली. अडुसष्टाव्या वर्षी! गँगमन असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

फरशीखाली काळी माती. मग वीतभर पांढरा चुना, पार दगड झालेला. तो फोडला तर खाली पुन्हा माती, जरा तेलकट, आणि तिच्यात तपकिरी राठ केस. ऋजुता म्हणाली, "ई, हे काय?" मी ज्ञान पाजळलं — जुन्या काळी प्लास्टर धरून राहावं म्हणून चुन्यात घोड्याचे केस घालत, आमच्या जुन्या स्टेशनांतही निघायचे. तिला पटलं.

प्रतिमा पालथी ठेवली, फुलं, दहीभात, माती लोटली, फरशी बसवली. दोन बादल्या माती उरली. इतकी काळीभोर की ऋजुताच म्हणाली, "बाबा, ही तुळशीला घालू?" हॅरोहून आणलेलं तिचं रोप त्या इवल्याशा कुंडीत गुदमरलं होतं. घाल म्हटलं, आपल्या वास्तूची माती आहे. तिनं हातानंच मोकळी करून मोठ्या कुंडीत भरली. कालचा रुसवा गेला. बाकीची मी मागच्या बांधावर फेकली.

डब्यातला आमरस, पुऱ्या. तीन वेळा घेतला.

१ मे, सोमवार

पोरं गेली. उद्या दोघांना ऑफिस. ऋजुता तुळस मांडीवर घेऊन बसली गाडीत. मी पंधरा दिवस राहणार, प्लंबर येईल त्याच्या मागे उभा राहायला. मोबाइलला रेंज नाही. रांगेच्या टोकाला लाल फोन-बूथ आहे, चालतो.

२ मे, मंगळवार

प्लंबर आला नाही. पाऊस. शिट्ट्या अकरा मोजल्या.

३ मे, बुधवार

मिसेस थ्वेटनी चहाला बोलावलं. वय एक्याऐंशी. वडील इथेच सिग्नलमन, जन्म इथेच. मी रेल्वेतला म्हटल्यावर कळी खुलली. सिग्नलच्या तारा, कंदील, बर्फात अडकलेली मालगाडी... दोन तास कसे गेले कळलं नाही. भाषा निराळी, पण रेल्वेची माणसं सगळीकडे सारखीच.

निघताना मी त्या टबातल्या बटाट्यांवरून चेष्टा केली. बाईंचा चेहरा एकदम कठोर झाला. "आम्ही इथे खोदत नाही," म्हणाल्या. का, विचारलं. "वडिलांनी सांगितलं होतं."

मग भिंतीवरचा फोटो दाखवला. १९०८. रांगेत तीनच घरं आहेत. चौथ्याच्या जागी लांब, बसका तबेला. दारात सात घोडे, सायडिंगमध्ये वॅगन ओढणारे. मी विचारलं, तबेल्याचं काय झालं? "उद्या या," म्हणाल्या, "आज दमले."

बाईंचं कुत्रं मला पोचवायला आलं. तीन नंबरपाशी बाईंनी त्याला हाक मारून मागे बोलावलं. पुढे येऊ दिलं नाही.

४ मे, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

इथे सायडिंगला परदेशी कातडी यायची. बोटीनं, मग रेल्वेनं, खालच्या गावच्या टॅनरीसाठी. १९०९च्या उन्हाळ्यात एक वॅगन फुटली आणि कातड्यांचे गठ्ठे तबेल्यात उतरवून ठेवले. आठवड्यात सातही घोडे मेले. नाकातोंडातून काळं रक्त. मग माणसं. बाईंचे वडील तेव्हा पोरसवदा, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. "आधी एक फोड येतो. दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही. मग मधोमध कोळशासारखा काळा होतो, भोवती सूज चढते." नऊ माणसं गेली. ती शिट्टी त्यांच्यासाठी आहे. ड्रायव्हर बदलले, इंजिनं बदलली, शिट्टी राहिली.

बाईंनी अँथ्रॅक्स हे इंग्रजी नाव सांगायच्या आधीच मला कळलं होतं. खानदेशात वाढलोय मी. काळपुळी. जनावर काळपुळीनं मेलं की आमचे वडील त्या बांधाकडे वर्षानुवर्षं गुरं जाऊ देत नसत. ती मातीत मरत नाही, म्हणायचे.

माणसांना गावात पुरलं. घोड्यांना आहेत तिथेच, तबेल्याच्या जमिनीत. वर चुना, वर फरशी. पहिल्या महायुद्धानंतर रेल्वे कंपनीला क्वार्टर कमी पडले. तबेला पाडला आणि त्याच फरशीवर चार नंबर उभा केला. पहिल्या भाडेकऱ्यानं कोळसा ठेवायला आत खड्डा खणला. तो आणि त्याची बायको, दोघंही गेली. त्यानंतर तो १९२३चा क्लॉज.

मी वास्तुपुरुषाला कुणाच्या अंगावर पालथा घातला!

बाई म्हणाल्या, "आता औषधं आहेत म्हणे. वेळेवर कळलं तर बरी होतात माणसं. आमच्या वेळी कुठे होती." आणि मग माझ्याकडे रोखून पाहत, "मिस्टर शशी, तुम्ही फरशीला हात नाही ना लावला?"

मी म्हटलं, नो, नो.

अडुसष्टाव्या वर्षी, चहाचा कप हातात धरून, म्हाताऱ्या बाईशी धडधडीत खोटं बोललो. का बोललो? लाज वाटली म्हणून. बस्स.

रेल्वेत नियम उगाच होत नाही. प्रत्येक नियमाखाली एक माणूस गेलेला असतो, हे मी चौतीस वर्षं गँगमनांना सांगत आलो. दटावून सांगत आलो. आणि सुनेनं तेच सांगितलं तर तिच्यावर आवाज चढवला.

५ मे, शुक्रवार

बांधावरची माती शोधून तिच्यावर दुरुस्तीसाठी आणून ठेवलेल्या चुन्याची दोन पोती ओतली. तोंडाला फडकं बांधलं होतं. कोपऱ्यातल्या फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरलं. हात चार वेळा धुतले.

नकुलला फोन करायचा म्हणून दोनदा बूथपर्यंत गेलो आणि परत आलो. काय सांगू? की तुझं पहिलं घर कबरीवर आहे? ते विकलंही जाणार नाही आता. आणि ऋजुताचं खरं होतं, माझं खोटं, हेही सांगावं लागेल. नकुलनं मातीला बोटसुद्धा लावलं नाही, तो पुस्तक धरून होता. खोदलं मी, बुजवलं मी, टाकून आलो मी. भोगायचं तर मी भोगेन. आठवडाभर बघू. काही दिसलं तर सांगू.

रात्री दिव्याखाली दोन्ही हात उलटसुलट पाहिले. काही नाही.

६ मे, शनिवार

उजव्या अंगठ्याजवळ लाल ठिपका! दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी खाजला, मग दुखलाही. दुखला तेव्हा इतका आनंद झाला की रडू आलं. चिलट चावलं होतं. दलदलीवर झुंडीनं उठतात.

७ मे, रविवार

नकुलला फोन. "बाबा, आवाज असा का येतोय? एकटं वाटतंय का?" छे रे, म्हटलं. ऋजुता मागून ओरडली, "बाबा, नीट जेवता ना?" म्हटलं, जेवतो. सांगणारच होतो. शब्द तोंडाशी आला होता. तेवढ्यात नकुल म्हणाला, "नेक्स्ट समरला आपण तिथे सगळ्यांना बोलवू, ऑफिसातल्या लोकांना घर दाखवायचंय." एवढ्या उत्साहानं बोलत होता!

नाही सांगितलं.

हात स्वच्छ.

८ मे, सोमवार

प्लंबर आला. मागच्या खोलीत शिरला नाही. पाइप दारातूनच पाहिला आणि म्हणाला, "आत जायला नको, मी इथलाच आहे." तो गेल्यावर हात पाहिले. काही नाही.

९ मे, मंगळवार

नऊ दिवस झाले! मिसेस थ्वेटना सहज विचारल्यासारखं विचारलं — किती दिवसांत दिसायचं हो? "आठवड्यात. फार तर आणखी एक-दोन दिवस." माझे हात लहान पोरासारखे कोरे आहेत. सुटलो!

आता ठरलं. कुणालाच सांगायचं नाही. सिमेंट मजबूत बसलंय, तिथे जड कपाट ठेवायला लावतो. कशाला पोरांच्या आनंदात माती कालवायची? आज पहिल्यांदा भूक लागली. खिचडी केली, दोन वाट्या खाल्ली. रात्रीच्या गाडीची शिट्टीसुद्धा आज नेहमीसारखी वाटली.

१० मे, बुधवार

सकाळी उगाच फोन केला, मजेत आहे सांगायला. नकुल घाईत होता. "बाबा, तुळस काय फोफावलीय म्हणून सांगू! ऋजुता रोज माती मोकळी करते तिची. हो, तिच्या मनगटावर ते खरचटलं होतं ना, तिथे फोड आलाय. नाही, दुखत नाही, म्हणून ती लक्ष देत नाहीये. मधे जरा काळं पडलंय. हात सुजलाय थोडा. फ्रायडेची अपॉइंटमेंट आहे आमच्या जीपी डॉक्टरची..."

सगळं सांगितलं. एका दमात. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने, रोगाचं नाव सांग, माती सांग, कुंडीला हात लावू नकोस. नकुल फोन तसाच टाकून तिला हाका मारत धावला, तेवढं ऐकू आलं.

मिसेस थ्वेटच्या फोनपाशी बसून लिहितोय, हा नंबर नकुलच्या मोबाइलवर निरोपात ठेवलाय. त्यांनाही खरं सांगितलं. त्या माझ्या शेजारी बसून आहेत. पावणेदोन तास झाले, फोन वाजलेला नाही.

वेळेवर कळलं तर बरी होतात माणसं. मला सहा दिवसांपूर्वी कळलं होतं. सहा दिवस मी फक्त माझेच हात बघत बसलो.