शरणप्पाच्या बोटीखालची बादली

रविवार, ४ जानेवारी

नव्या वर्षातली पहिली मैत्रीपूर्ण शर्यत. वारा बरा होता. चार बोटी, चार मेंबर. शरणप्पा पहिला, गुरुसिद्धप्पा दुसरा, वीरभद्र तिसरा. मी थोडक्यात हुकलो.

दिवाळीपासून दर रविवारी शरणप्पाच पहिला. हा योगायोग नाही. कुठंतरी पाणी मुरतंय.

वास्तविक क्लब माझा. मालवणला जाऊन शिडाच्या बोटी बघून आलो तो मी. प्लास्टिकच्या ड्रमवर प्लायवूड ठोकून बोटी करून घेतल्या त्या मी. उमरगा स्टँडवर एसटीचा कंट्रोलर म्हणून उभी हयात गेली, शिट्टी अजून माझ्याकडंच आहे, म्हणून कमोडोर, म्हणजे क्लबचा प्रमुखही मीच. शरणप्पा बी-बियाणं विकतो. शाळेपासूनचा दोस्त म्हणून त्याला मेंबर करून घेतला, आणि आता हाच जिंकतो!

संकल्प: पहाटे उठून तलावावर सराव. शरणप्पावर नजर. मनात कुणाबद्दल संशय ठेवायचा नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

सराव उद्यापासून. थंडी लई आहे.

नजर मात्र सुरू केली. शरणप्पाच्या दुकानासमोर दोन चहा पीत बसलो. गिऱ्हाइकांशी हसून बोलत होता. हरभऱ्याचं बी विकताना एवढं हसायला काय झालं?

रविवार, ११ जानेवारी

आज तिसरा येणारच होतो. रेषेच्या जरा अलीकडं तोल गेला आणि पाण्यात पडलो. बोट एकटीच रेषा ओलांडून गेली. वीरभद्र मागं. म्हणजे मी तिसरा.

तर शरणप्पा म्हणतो, बोटीत माणूस नको का रे शंभू? बघा! दोस्त बुडतोय आणि ह्याला नियम सुचतायत. (पाणी कमरेएवढंच होतं, पण त्याला काय माहीत.)

दुपारी पेंटरला घेऊन परत तलावावर गेलो. बांधावर नियमांचा पत्रा लावलाय, त्यावर शेवटी लिहून घेतलं: बोटीचं नाक रेषेला लागलं की बोट पोचली, माणूस असो वा नसो. पेंटर म्हणाला, काका, हे कुणासाठी? म्हटलं, न्यायासाठी.

गुरुवार, १५ जानेवारी

सीझनची शेवटची शर्यत २२ फेब्रुवारीला. पुढं पाणी उतरतं, मग नुसता गाळ. त्या दिवशीचा कप आज घेऊन आलो. चांगला हातभर उंच, दोन कान. दुकानदार म्हणाला, नाव नंतर टाकू. म्हटलं, पुन्हा खेटा कोण घालणार? टाकून घेतलं. विजेता: कमोडोर शंभुलिंग.

नीलम्माला दाखवला. खूष होईल वाटलं. कप मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, अहो, अन् न्हायच जिंकलात तर?

घरातच असं वातावरण. बाहेरच्यांचं काय बोलायचं.

शनिवार, १७ जानेवारी

नीलम्मा फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी आत आलो तशी एकदम वांग्याच्या भावावर गेली. ती चूल बघायला गेल्यावर फोन बघितला. शरणप्पाचा नंबर!

शरणप्पा वांगी विकत नाही.

रविवार, १८ जानेवारी

शरणप्पा पहिला. मी चौथा, वारा विरोधात. (सगळ्यांच्याच होता, पण माझ्या जास्त.)

संध्याकाळी शरणप्पा घरी आला. चहा घेतला. घसा खाकरून म्हणाला, शंभू, तुला एक सांगायचं होतं. मी सावध. म्हटलं, क्लबचं असंल तर लेखी दे. म्हणाला, क्लबचं न्हाय, घरचं हाय. म्हटलं, तेही लेखी दे. अर्धा चहा तसाच ठेवून उठला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

बुधवार, २१ जानेवारी

नजर चालू. त्याच्या दुकानात खोकी बांधणं सुरू आहे. अर्धी फळी रिकामी. मी विचारलं तर म्हणाला, तेच तर सांगायचं होतं. मी ऐकून घेतलं नाही, गोड बोलून खिशात घालायची त्याची जुनी सवय आहे.

तेवढ्यात त्याला फोन आला. हैदराबादचा. आता कळलं! हैदराबादला मोठा तलाव आहे, मोठे क्लब असणार. हा तिकडून टेक्निक मागवतोय. त्याचा मुलगाही तिथंच नोकरीला. सगळं जुळतं.

रविवार, २५ जानेवारी

धक्कादायक. शरणप्पा तिसरा आला! शीड ढिलं सोडून गाणं म्हणत बसला होता. मी त्याच्याही मागं होतो, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की तो मुद्दाम हरला. मला गाफील ठेवायला.

मी गाफील राहणाऱ्यातला नाही. स्टँडवर विदाऊट तिकीट माणूस मी चालण्यावरून ओळखायचो.

रविवार, १ फेब्रुवारी

गुरुसिद्धप्पाही सामील आहे. त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, चारी बोटींची शिडं त्याच्याच गुलाबी कापडाची. आज त्याच्या शिडात मधोमध चांगली हातभर चीर दिसली. विचारलं तर म्हणाला, उंदरानं कुरतडलं. कात्रीनं कापल्यासारखं सरळ! असला टापटिपीचा उंदीर मी तरी बघितला नाही.

रात्री विचार केला. वारा शिडात अडकला तर बोटीला मागं ओढणार. आरपार गेला तर बोट मोकळी! साधं विज्ञान आहे. हैदराबादहून आलेलं.

आपल्या शिडाला सात भोकं पाडली. नीलम्मानं कात्री मागितली तर म्हटलं, सापडत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सरावाला गेलो होतो. (पहाटे नाही. चार वाजता. संकल्पाचा अर्थ महत्त्वाचा, वेळ नाही.)

झाडामागून बघितलं. वीरभद्र बोटीतून पाण्यात पडायची प्रॅक्टिस करत होता! पडायचा, वर यायचा, पुन्हा पडायचा. मेडिकल स्टोअर चालवणारा शिकला-सवरलेला पोरगा. बहुतेक मनातून भितो. मला काका म्हणतो, त्याची जरा कीव आली. ह्याच्यापासून तरी धोका नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

शर्यत झाल्यावर तिघं बांधावर भजी खात बसले. मी चप्पल शोधायचं निमित्त करून पाण्यात उतरलो आणि शरणप्पाच्या बोटीखाली हात घातला. दोरीला बांधलेली बादली! आपली साधी लोखंडी बादली, पाण्यात बुडालेली.

आधी काही उमगेना. मग डोक्यात उजेड पडला. बादली पाणी धरते, बोट डुलत नाही, सरळ बाणासारखी जाते. म्हणून हा जिंकत आलाय! (आज तो चौथा आला, पण ते नाटक.)

चारचौघात बोललो नाही. कमोडोरनं तोल सोडायचा नसतो. नियमांच्या पत्र्यावर बादलीबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणजे बादली कायदेशीर. मलाही कायदेशीर.

त्याची एक, तर माझ्या दोन. आणि बादल्या कसल्या, म्हशींना पाणी पाजायच्या पाट्या आणतो.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. शर्यत नाही. देवळात सगळे भेटले. शरणप्पानं कोपऱ्यात घेतलं. डोळे ओले होते. म्हणाला, शंभू, आतातरी ऐकशील का? म्हटलं, देवाच्या दारात क्लबचं राजकारण नको. नीलम्मा मागून म्हणाली, अहो ऐका की जरा. म्हणजे तीसुद्धा त्यांच्यात!

घरी येऊन सात भोकांची नऊ केली.

रविवार, २२ फेब्रुवारी, सकाळी ६

आज. पाट्या बांधून झाल्या. कप पिशवीत घेतला. भाषण पाठ आहे. सुरुवात, मित्रहो, मी काही मोठा माणूस नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळ

काय लिहू.

शिट्टी मीच वाजवली. कुणी हलेना. चारी बोटी जागच्या जागी. शरणप्पा जांभई देत होता. गुरुसिद्धप्पा शिडाची गाठ सोडून परत बांधत होता, परत सोडत होता. शरणप्पानं मला हातानं खुणावलं, जा की पुढं. मी म्हटलं, मानसिक दबाव! मी चाललोच होतो. पाण्याकडं बघितलं तर चाललोय असं वाटायचं. बांधाकडं बघितलं तर तेच बाभळीचं झाड.

म्हशी धुवायला आलेला एक जण ओरडला, मासे धरायलाव का ओ?

हळूहळू सरकलो एकदाचे. नारिंगी ड्रमला वळसा घालून परत यायचं असतं. वीरभद्र कितीही रेंगाळला तरी त्याची बोट आपोआप पुढं जायची. वळसा घालून येताना मागं वळून बघितलं त्यानं, कुणीच जवळ नाही. घाबरला आणि मारली उडी. प्रॅक्टिस केली होती तशीच. बोट झाली हलकी, त्यात आला वारा. भरारा गेली आणि एकटीच रेषेला नाक लावून उभी राहिली.

शरणप्पा हातानं पाणी उलटं मारत माझी वाट बघत होता. शेवटी त्याचेही हात दुखले. वारा त्याला आणि गुरुसिद्धप्पाला घेऊन गेला. मी ड्रमपर्यंतही पोचलो नाही. मला दोरी टाकून ओढून आणलं.

मी म्हटलं, रिकामी बोट धरता येत नाही. गुरुसिद्धप्पानं पत्र्याकडं बोट केलं. माणूस असो वा नसो. वीरभद्र ओला उभा, म्हणाला, काका, मला नको हो कप. पण नियम म्हणजे नियम. नाव माझं, कप त्याचा. भाषण केलं नाही.

मग बोटी बाहेर ओढल्या आणि माझ्या पाट्या निघाल्या. शरणप्पानं विचारलं, हे रे काय? म्हटलं, तुझ्या बोटीखाली बादली आहे ते मला कळलंय. म्हणून दोन.

तो मटकन खाली बसला आणि पोट धरून हसला. हसता हसता रडायला लागला. मग शर्यत बघायला आलेल्या नीलम्मानं सांगितलं. कपावर माझं नाव बघून तिचा जीव खालीवर झाला होता. तिनंच शरणप्पाला फोन केला. तिघांनी ठरवलं, शंभूला एकदा जिंकवायचं. बादली बोट मागं ओढायला. चीर वारा सोडून द्यायला. उडी हरायला. सगळे मिळून हरायला बसले होते आणि तरीही मी शेवटचा.

म्हणजे कारस्थान होतंच! माझा संशय शंभर टक्के खरा होता. फक्त दिशा चुकली.

आणि मग शरणप्पा म्हणाला, गुरुवारी हैदराबादला निघालो. कायमचा. पोरगा ऐकत न्हाय, एकटं राहू नको म्हणतो. दुकान विकलं. जायच्या आधी तुझ्या हातात कप बघायचा होता, बाकी काय न्हाय.

मी ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, एवढी मोठी गोष्ट, मला आधी सांगता येत नव्हती?

म्हणाला, किती वेळा आलो. तू म्हणालास, लेखी दे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

गाडीत बसवून दिला. शिट्टी वाजवावी म्हणून तोंडाला लावली, वाजवली नाही. त्याची बोट माझ्या ताब्यात देऊन गेलाय. म्हणाला, सांभाळ.

नीलम्मा म्हणाली, जेवा. भूक नव्हती.

शनिवार, २८ फेब्रुवारी

वीरभद्रनं कप मेडिकलमध्ये प्रोटीनच्या डब्यांशेजारी ठेवलाय. गिऱ्हाइकं विचारतात, हे कमोडोर शंभुलिंग कुठलं औषध? तो म्हणतो, आउट ऑफ स्टॉक आहे.

संकल्प: उद्या तलावावर जायचंच. पाणी उतरलं तर उतरलं. यापुढं कुणावरही संशय घ्यायचा नाही.

(शरणप्पाचा रोज फोन येतो. जेवलास का विचारतो. रोज कशाला विचारावं माणसानं?)

रविवार, १ मार्च

गुरुसिद्धप्पाला लग्नाचा मंडप होता. वीरभद्र दुकानात. मी एकटाच. म्हटलं, क्लब बंद पडू द्यायचा नाही, शर्यत घ्यायचीच. एकटा उतरलो म्हणजे पहिला नंबर नक्की. पाट्या काढल्या. शिडाची भोकं नीलम्मानं शिवून दिली होती. शिट्टी वाजवली आणि निघालो.

छान चाललो होतो. खरंच. वळसा घालून परत आलो, रेषा समोर. तेवढ्यात उजव्या बाजूनं काहीतरी गुलाबी सरसर पुढं गेलं. शरणप्पाची बोट! पलीकडच्या काठाला मी बांधलेली गाठ सुटली होती. आत कुणी नाही. वाऱ्यावर आली आणि माझ्या डोळ्यांदेखत रेषेला टेकली. मी मागून पोचलो.

दोन्ही बोटी बांधल्या. बांधावर बसलो. पत्रा समोरच होता.

शरणप्पाचा फोन आला. म्हणाला, झाली का शर्यत? कोण आलं पहिलं? म्हटलं, तू. म्हणाला, शंभू, मी हितं हैदराबादेत बाल्कनीत बसलोय. म्हटलं, माणूस असो वा नसो.

लई हसला. म्हटलं, हसू नको, मी ह्या निकालाविरुद्ध तक्रार करणार आहे.

म्हणाला, लेखी दे.