सासूबाईंनी पाहिलेलं सोनेरी मांजर

मेहुणेबुवा रुतारो यांस,

बारेक्येचा वाकून नमस्कार. कंपालाच्या हवेत तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल अशी आशा करतो. इकडे तुमची बहीण बरी आहे, बटाटे कुजले आणि मी अजून जिवंत आहे. याहून बरी बातमी शोधली, सापडली नाही.

तुमच्या मातोश्रींच्या कोंबड्या एकेक करून नाहीशा होताहेत आणि आळ माझ्या कुत्र्यावर आहे. (त्याचं नाव 'त्यांना काय कळतंय' ठेवलं ते शेजाऱ्यांना टोचावं म्हणून, सगळेच ठेवतात, मातोश्रींनी ते स्वतःला लावून घेतलं.) हे रानातल्या सोनेरी मांजराचं काम, असं सांगून माझा घसा बसला. गावप्रमुख बितारिहो म्हणाले, "तुझ्या आज्यानं तरी पाहिलंय का ते? दाखव, नाहीतर कुत्र्याला भाला!" म्हणून आम्ही दोघं रानाच्या कडेला कोंबडी बांधून रात्रभर बसलो. बितारिहोंनी दोघांची ज्वारीची आंबील एकट्यानं संपवली आणि असे घोरू लागले की मांजरच काय, हत्तीही वाट बदलेल. वरून झाडं ठिबकत होती, खालून मुंग्या चढत होत्या. रुतारो, मला त्या कुत्र्याचा फार लळा आहे हो. मूलबाळ नसलेल्या घरात मी आल्यावर धावत येणारं तेवढंच एक आहे.

उजाडताना झुडूप हललं. नेमक्या त्याच वेळी खालच्या वाटेनं सरपणाला निघालेल्या तुमच्या मातोश्री समोर! जावयानं सासूचं तोंड पाहायचं नाही आणि सासूनं जावयाचं, ही आपली रीत; आता मी काय करावं? घोंगडी डोक्यावर ओढली आणि झाडाकडे तोंड केलं. कोंबडी एकदाच ओरडली. मातोश्री म्हणाल्या, "अगं बाई, केवढं मांजर!" घोंगडी काढतो तो मांजर नाही, कोंबडी नाही, मातोश्रीही नाहीत. बितारिहो तेवढे डोळे चोळत विचारत होते, "आलं का?"

मी मातोश्रींना विचारू शकत नाही, त्या माझ्याशी बोलू शकत नाहीत. आणि त्यांनी गावात सांगायचं तर 'जावयाच्या इतक्या जवळ उभी होते' हेही सांगावं लागेल. त्यापेक्षा त्यांना कुत्रं मेलेलं परवडतं.

आपला,
बारेक्ये

ता.क. खरं काम हेच, की पत्र मिळताच तुम्ही आईला विचारा आणि बितारिहोंना कळवा. लेकापाशी कसली लाज? त्यांनी कुत्र्याला रविवारपर्यंत मुदत दिली आहे.

ता.क. दुसरा. आता विचारू नका. बितारिहोंनी रविवारची वाट पाहिली नाही, कालच कुत्र्याला भाला घातला. आज संध्याकाळी मातोश्री आमच्या परसात आल्या आणि माझ्याकडे पाठ करून केळीच्या झाडाला म्हणाल्या, "मांजरच होतं गं. आज आणखी एक नेली." मी दाराआड रडत होतो. मग पुन्हा केळीलाच म्हणाल्या, "जावईबापूंना सांग, आता राखणीला एक कुत्रं लागेल." तेव्हा येताना पिल्लू आणा. ते त्यांच्याच दारी बांधा. माझ्या दारात मला दुसरं नको.