चौथे नाव

मंगळवार, ४ जून

दुसरी श्रेणी! आम्ही!

मंडळाचे पत्र अडीच ओळींचे आहे. पन्नाशीपुढील गटातील 'झेलिन्स्की हार्डवेअर' हा सॉफ्टबॉल संघ तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत चढविण्यात येत आहे. बावीस तारखेची राज्य स्पर्धा त्याने त्याच श्रेणीत खेळावी. कारण दिलेले नाही. खाली श्रेणी समितीच्या श्रीमती ट्वेट यांची सही.

गेल्या हंगामात आम्ही एकोणीस सामने खेळलो, आठ जिंकले. दुसऱ्या श्रेणीतल्या संघांशी तीन खेळलो, तिन्ही हरलो. त्यातला सर्वांत कमी फरक अकरा धावांचा. हे आठवणीने लिहीत नाही, स्कोअरबुक समोर उघडे आहे. आमच्या तिसऱ्या बेसवरच्या माणसाचे दोन्ही गुडघे नवे बसवलेले आहेत. डावे मैदान सांभाळणाऱ्या ड्वेन कुबियाकला उंच गेलेला बॉल पाहण्यासाठी मान वर केली की घेरी येते. हा संघ वर चढवायचा?

अपील करणार. मुदत दहा दिवसांची.

बुधवार, ५ जून

एल्रॉयला सांगावे लागले. त्याने ऐकून घेतले आणि हातातला बॉल नुसता फिरवत राहिला.

एल्रॉय स्ट्यूबे हा आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. वय एकोणसत्तर, तरुणांच्या गटापासून धरून या दुकानाच्या नावाचा शर्ट घालून एकतीस हंगाम टाकले, हा बत्तिसावा. पिचर बॅटवाल्यापासून पन्नास फुटांवर उभा असतो. तिसऱ्या श्रेणीत बॅटवरून परत येणारा बॉल ग्लोव्ह वर नेण्याइतका वेळ देतो. दुसऱ्या श्रेणीत देत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये वरच्या एका संघाशी खेळताना एल्रॉयच्या छातीवर असाच एक बसला — दोन बरगड्या. तेव्हा इस्पितळात त्याने आर्लिसला, म्हणजे त्याच्या बायकोला, शब्द दिला: यापुढे फक्त तिसरी श्रेणी.

याचा अर्थ उघड आहे. आम्ही चढलो की एल्रॉय संपला.

तो म्हणाला, "राहू दे, नॉर्ब. भांडू नकोस. तू भांडायला लागलास की आपलीच माणसं गाडीत जाऊन बसतात."

बसू देत. मी भांडणार.

शुक्रवार, ७ जून

नेहमीप्रमाणे शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला सगळा संघ जमला. अपमान झाला आहे हे कुणाच्या गावीही नाही! पहिल्या बेसवाल्याला तर हा मान वाटतो. नवे शर्ट शिवू म्हणतो. ड्वेन म्हणाला, आपण इतके चांगले खेळतो हे आधी कळले असते तर बायकोला सामने बघायला आणले असते.

मी शांतपणे समजावले. श्रेणी हे बक्षीस नव्हे, ते माप आहे. बेचाळीस नंबरच्या पायाला कुणी कौतुकाने चव्वेचाळीसचा बूट दिला तर तो माणूस मोठा होत नाही, पडतो. ड्वेनने स्वतःचा बूट काढून टेबलावर ठेवला आणि सगळ्यांनी त्याचा नंबर वाचला. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

निघताना आर्लिस माझ्या टेबलापाशी आली. ती कधी आवाज चढवत नाही.

"नॉर्बर्ट, मार्चपासून तो गॅरेजच्या दारावर बॉल फेकतोय. दाराला पोचे पडलेत. मी एका शब्दानं बोलले नाही. पण वरच्या श्रेणीत तो उभा राहिला, तर मी मैदानात शिरेन आणि सगळ्यांदेखत त्याला हाताला धरून घरी नेईन."

नेईल. माझी खात्री आहे.

रविवार, ९ जून

चर्चहून परतल्यापासून लिहायला बसलो होतो. अपील पूर्ण. अकरा पाने.

सामन्यागणिक धावा, श्रेणीगणिक फरक, खेळाडूंची वये, शस्त्रक्रिया — शस्त्रक्रियांना स्वतंत्र तक्ता लागला. नवव्या पानावर तत्त्वाचा परिच्छेद आहे. तो मी चार वेळा लिहिला आणि आता त्यात हलवण्याजोगा एकही शब्द नाही.

नियम चौदाचा उल्लेखही केला, कारण तो माझ्यामुळे आला. दोन वर्षांपूर्वी ओकडेलच्या संघाने वरच्या श्रेणीतली माणसे खाली आणून खेळवली, विचारले तर म्हणाले, "तो तिकडे खेळला कुठे, नुसता बाकावर बसला होता!" मी मंडळाला पत्र लिहिले आणि नियम झाला: मागील दोन वर्षांत वरच्या श्रेणीतल्या संघाच्या यादीत ज्याचे नाव आहे तो त्या श्रेणीचा, मग त्याने बॅट हातात धरलेली असो वा नसो. अशी तीन नावे चालतात. चौथे आले की सगळा संघ वर. त्या अख्ख्या पुस्तकात हाच एक नियम निर्मळ आहे.

आमच्याकडे अशी तीन आहेत. तीनच.

सोमवार, १० जून

रजिस्टर टपालाने पाठवले. ईमेलनेही. पोच मागितली आहे.

बुधवार, १२ जून

श्रीमती ट्वेट यांचा फोन. आवाज शिक्षिकेचा — मागाहून कळले, त्या चाळीस वर्षे शाळेत गणितच शिकवत होत्या.

अकरा पाने त्यांनी वाचली. शस्त्रक्रियांचा तक्ता समितीत सगळ्यांनी पाहिला म्हणाल्या. पण आमची श्रेणी निकालांवरून बदललेलीच नाही. नियम चौदा. चार नावे.

मी म्हणालो, तीन. त्या म्हणाल्या, चार.

मी म्हणालो, "बाई, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तीनपर्यंत मला मोजता येतं."

"तीनपर्यंत येतं, मिस्टर हास, तेच मी म्हणतेय," त्या म्हणाल्या. उद्या नावे पाठवणार आहेत.

पाठवू देत! पंधराही माणसांचा दोन वर्षांचा इतिहास मला पाठ आहे. कुणी चोरून वरच्या संघात खेळून आला असेल तर त्याला मीच बाहेर काढीन. ड्वेनवर माझा संशय आहे.

गुरुवार, १३ जून

यादी आली. पहिली तीन नावे अपेक्षित होती तीच.

चौथे: हास, नॉर्बर्ट.

गेल्या जुलैत हेरॉन पॉइंटच्या स्कोअरबुकवाल्याचा मोतीबिंदू काढला होता. राज्य स्पर्धेचे दोन दिवस त्यांची वही मी लिहून द्यावी, असे त्यांच्या कप्तानाने विचारले. हेरॉन पॉइंट दुसऱ्या श्रेणीत. मी गेलो. पण नियम असा की यादीत नाव नसलेल्या माणसाने खेळाडूंच्या बाकावर बसायचे नाही. कप्तान म्हणाला, "बस रे, कोण बघतंय!" मी बसलो नाही. आधी यादी मागवली, सतराव्या ओळीत स्वतःचे नाव, पत्ता आणि जन्मतारीख लिहिली, सही केली — मग बसलो. दोन दिवस हातात पेन्सिल होती. बॅटला बोटही लावले नाही.

हे सगळे फोनवर श्रीमती ट्वेट यांना सांगितले. शेवटी म्हणालो, "अहो, मी नुसता बाकावर बसलो होतो!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी माझेच दोन वर्षांपूर्वीचे पत्र वाचून दाखवले. "'नुसता बाकावर बसलो होतो' ही सबब एकदा मान्य केली की यादी म्हणजे निव्वळ कागद उरतो."

वाक्य उत्तम आहे. मी तसे म्हणालो.

"आम्हालाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर नियम झाला." आणि मग, जरा हळू: यादीत दुरुस्ती करायची असल्यास शुक्रवारी पाचपर्यंत करता येते.

नियम योग्य आहे. आज पुन्हा लिहायला बसलो तरी एक शब्द बदलणार नाही. माझ्यावर उलटला म्हणून चुकीचा ठरत नाही.

पण चौदा वर्षे मी दुसऱ्या बेसवर उभा आहे. एप्रिलमध्ये ग्लोव्हला तेल दिले. हे कुणाला सांगणार नाही, इथे लिहून ठेवतो.

शुक्रवार, १४ जून

सकाळी ड्वेनला दुकानात गाठून सांगितले. आधी तो इतका हसला की खिळ्यांचा डबा सांडला. मग हसणे थांबले.

"त्या बाईंना सांग ना, चुकून लिहिलं म्हणून."

चुकून लिहिले नव्हते.

"बरं, मग वर खेळू. एल्रॉयला बसवू बाकावर. तुझ्याशिवाय दुसरा बेस कोण सांभाळणार?"

मी म्हणालो, गेल्या वर्षी चौऱ्याहत्तर वेळा बॅट धरली, अठरा वेळा बेसवर पोचलो. कुणीही सांभाळेल. आणि एल्रॉयऐवजी कोण टाकणार?

ड्वेन खाली वाकून खिळे गोळा करू लागला. "नॉर्ब," तो वर न बघता म्हणाला, "जन्मात एकदा तरी एखादा नियम वाकव. मरणार नाहीस."

वाकवणार नाही. वाकवण्याची गरजही नाही.

शनिवार, १५ जून

नवी यादी काल चार वाजून दहा मिनिटांनी पाठवली. चौदा नावे. आज उत्तर आले: 'झेलिन्स्की हार्डवेअर', तिसरी श्रेणी. बावीसला एल्रॉय टाकणार.

बाकावर मला बसता येणार नाही. कुंपणाबाहेर आर्लिसशेजारी घडीची खुर्ची टाकेन, वही मांडीवर घेईन आणि पंच चुकला की ओरडेन. प्रेक्षकाला श्रेणी नसते — नियमपुस्तक दोनदा तपासले.