दोन्ही हात मावतील असा टॅब

आगरदांडा,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. दिशास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला ऐकू येत नाही आणि मेसेज लिहायला गेलो तर एका बोटाखाली तीन अक्षरं दबतात, म्हणून तू उलव्याहून पोस्टानं लिहितेस. पोस्टमन म्हणतो, बँकेच्या नोटिशीशिवाय कागद येतो तो तुमच्याच घरी.

एक काम सांगतो. मला टॅब घ्यायचा आहे. स्वस्तातला, रोजच्या वापराचा. हसू नकोस, तुझी आई पोटभर हसून झाली आहे. म्हातारपणी खेळणी सुचतात, असं तिनं शेजारीही सांगितलं.

तुझा भाऊ विनेश जहाजावर गेल्याला दीड वर्ष झालं. जहाज बंदराला लागलं की त्याचा फोन येतो. तुझी आई अर्धा तास बोलते, हसते, डोळे पुसते आणि शेवटी माझ्याकडे वळून अंगठा दाखवते. अर्ध्या तासातलं माझ्या वाट्याला एवढंच. तिच्या फोनवर त्याचं तोंड बटणाएवढं दिसतं. मार्चात त्याचा करार संपतो आणि तो पुन्हा सही करणार आहे म्हणे. हे ‘म्हणे’ मला नको. माझ्या पोराला काय हवं ते मला त्यालाच विचारायचं आहे. घरात असून परक्यासारखा बसतो मी, फार वाईट वाटतं.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहेच, ती वाढव.

तुझा बाबा,
शिवदास


उलवे,
१९ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हसले नाही. थोडीशीच हसले. मग दोन दिवस ऑफिसातून आल्यावर टॅबच पाहत बसले. ह्यांना वाटलं, मला परीक्षाच द्यायची आहे.

नीट वाचा. घरी वायफाय नाही, तेव्हा सिमकार्ड घालता येईल असाच घ्या. फार स्वस्त दिसणारा, नाव न ऐकलेल्या कंपनीचा घेऊ नका, वर्षभरात रडायला लागतो. नावाजलेल्या कंपनीचा गेल्या वर्षीचा असला तरी चालेल. तुम्हाला फोटो साठवायचे नाहीत, त्यामुळे जागा कमी असली तरी बिघडत नाही. मी आठ इंची निवडला आहे. हलका आहे, कॅमेरा झकास आहे आणि समोरचा बोलतो ते अक्षरांत उमटतं म्हणतात. आपलं कोळी बोलणं त्याला कितपत कळेल, देव जाणे.

विनेशची काळजी करू नका. मलाही तो खूश वाटतो. आईनं तर अख्ख्या कोळीवाड्यात त्याच्या जहाजाची लांबीरुंदी सांगितली आहे.

तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.

तुमची,
दिशा


आगरदांडा,
३१ जानेवारी २०२५

चि. सौ. दिशास,
अ. आ. वि. वि.

टॅब घेतला. तू सांगितलेला नाही. आधी पूर्ण वाच, मग रागाव.

मुरुडच्या दुकानात भाविका नावाची मुलगी होती. मला ऐकू येत नाही कळल्यावर ती सगळं कागदावर लिहून दाखवायला लागली, गुणी आहे. मी तिला एकेक टॅब टेबलावर उभा करायला लावला, चार पावलं मागे गेलो आणि दोन्ही हात वर केले. दुकानातली माणसं बघत राहिली. एका बाईला वाटलं, मी योगासनं शिकवतो.

बोटीवर इंजिन चालू असलं की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे. त्याच इंजिनानं माझे कान खाल्ले. तिथं सगळं बोलणं हातांनी. जाळं ओढ, थांब, इकडे वळ, सगळ्याला खूण आहे. विनेश चार हंगाम माझ्या बोटीवर होता, त्याला ती सगळी येते. मग मला त्याचा आवाज कशाला हवा? हात दिसले म्हणजे झालं.

तुझ्या आठ इंचीत पंजा उघडा की मूठ, तेच कळेना. दुसरा मोठा होता, पण आडवा ठेवला की कॅमेरा एका कडेला जायचा आणि माझा डावा हात बाहेर. तिसऱ्याचा कॅमेरा लांब कडेच्या मधोमध. कॅमेरा साधाच आहे, टॅब चालतोही जरा सुस्त, पण दोन्ही हात मावतात. सिमकार्डही जातं.

घरी आल्यावर तुझ्या आईनं नव्या बोटीसारखं त्याला हळदकुंकू लावलं आणि थेट त्याच्यापुढेच नारळ फोडला. पाणी उडालं. तिनं घाबरून पदरानं पुसला. चालतोय अजून.

राग गिळ आणि लिहीत जा.

तुझा बाबा,
शिवदास


उलवे,
८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

राग आला होता, योगासनांपाशी गेला. हे मला का सुचलं नाही, याचंच वाईट वाटतं. लहानपणी धक्क्यावर उभी राहून मीही तुमचे हात बघायचे.

विनेशचा काल फोन आला होता. रविवारी तेवीस तारखेला त्याचं जहाज बंदरात असेल. पुढच्या कराराचं त्याच आठवड्यात कंपनीला कळवायचं आहे. सही करतोय, मजेत आहे, असंच म्हणाला. तुम्ही बोला आणि मला कळवा. खुणांचं मी त्याला सांगितलेलं नाही.

कृपा असू द्यावी.

तुमची,
दिशा


आगरदांडा,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दिशास,
अ. आ. वि. वि.

काल बोललो. हे पत्र तुझ्यापुरतं ठेव.

टॅब ओट्यावर उभा केला. पुढे तुझी आई बसली, मागे मी उभा राहिलो. ती नेहमीसारखी सुरू झाली. मी तिच्या डोक्याच्या वर हात उचलून खुणेनं विचारलं, मासळी कशी लागते? म्हणजे कसं चाललंय. पोरगा बघतच राहिला. मग असा हसला की मला भरून आलं. त्यानं फोन कशाला तरी टेकवून ठेवला, मागे सरकला आणि हात हलवले. लागते, पण पाणी वाईट आहे.

तोंडानं तो आईशी बोलतच होता. काय म्हणत होता ते तिनं नंतर मला लिहून दिलं: जेवण चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, सही करतो. ते म्हणत असतानाच त्यानं उजवा हात डोक्यावर ताठ धरला आणि दोनदा सावकाश छातीकडे ओढला. ही खूण तुला माहीत नसेल. इंजिन बंद पडलं, ओढून न्या, असं दुसऱ्या बोटीला सांगायची ती खूण आहे. चार हंगामांत माझ्या बोटीवर त्यानं ती कधी केली नव्हती.

आईनं गावभर मिरवलंय, म्हणून तो तोंडानं सांगू शकला नाही.

समुद्रात ती खूण दिसली की कुणी कारण विचारत नाही. मीही विचारलं नाही. एका मुठीवर दुसरी मूठ ठेवून दाखवली. म्हणजे दोर धरलाय, चल. तो खाली बसला आणि तोंड ओंजळीत धरलं. आईला वाटलं, चित्र अडकलं. ती टॅबला चापट मारत होती.

आज सकाळी विनेशनं आईच्या फोनवर माझ्यासाठी एक ओळ पाठवली. सही करत नाही, मार्चअखेर घरी येतो. तिनं ती मला दाखवली आणि रुसून बसली, एवढी चांगली नोकरी सोडतोय म्हणून. तिला वाटतं, काल आम्ही बापलेक हातवारे करून खेळत होतो. तिला मी समजावीन, पण तो दारात उभा राहिल्यावर.

तोवर तुझी माया आम्हा तिघांवर असू दे.

तुझा बाबा,
शिवदास