तळ्याचा आरसा

रविवार, दिवेलागण, गुरुग्राम

सोसायटीच्या तळ्यात आज अख्खं आभाळ उतरलं होतं. पाण्यावर एक तरंग नाही. सेक्रेटरीसाहेब जाता जाता खुशीत म्हणाले, "देखिए मैडम, एकदम शीशा!" शीशा म्हणे! पंधरा दिवसांपूर्वी यांनी डासांसाठी लॉनभर औषध फवारलं, रात्री पाऊस झाला आणि ते सगळं वाहत तळ्यात गेलं. तेव्हापासून हा आरसा.

माझ्या लेकीला, सईला चतुर दाखवायचे होते. सात वर्षांची झाली, पण इकडे दिल्लीकडेच वाढलेली, तिच्यासाठी ते ड्रॅगनफ्लाय. "आपण चतुर म्हणतो," मी सांगितलं, आणि दोघी पायरीवर वाट बघत बसलो. ढग गुलाबी झाले, पाण्यातलेही. चतुर एकही आला नाही. बेडूकही गप्प. खरं सांगू, ती शांतता मला आवडत होती. डोळे मिटावेत इतकी. पण आरशात राहतं का कुणी?

"आई, तिथे काहीतरी हलतंय!"

मी घाईने वाकले. चतुराची पिल्लं असतील? डासांच्या अळ्या खाऊन तीच तर तळं राखतात.

गुलाबी आभाळात अळ्या वळवळत होत्या. डासांच्याच.