साखर भरलेला कप

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१३ जानेवारी २०२५

ती. शालूअक्का यांस धाकट्या आकारामचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. माझी संयोगिता काल हॉकीचा अंतिम सामना हरली. बरोबरीचा गोल झाला होता, पंचांनी दिलाही होता. ही कप्तान स्वतः जाऊन म्हणाली की चेंडू माझ्या पायाला लागला, गोल धरू नका. मैदानावर मी कपाळाला हात लावला, घरी येईपर्यंत मात्र छाती फुगली होती.

पण बक्षिसाच्या वेळी क्लबच्या कपाटात चांदीचा फिरता कप नव्हता. गेल्या वर्षी आपणच जिंकलेला. कुलूप शाबूत, किल्ल्या दोनच: एक हिची, एक गोलकीपर स्वप्नालीची. स्पर्धेचे सचिव विजयसिंह यांनी चोरीची तक्रार दिली. ही पोलिसांना म्हणाली, स्वप्नालीला यात ओढू नका, कप माझ्या ताब्यात होता, माझंच नाव लिहा.

येत्या सोमवारी राज्याच्या संघाची निवड आहे. चोरीचा आळ असलेल्या पोरीला कोण घेणार? पेठेत लोक बघून बघून जातात, पण मी मान खाली घातलेली नाही. आपली पोरगी चोर न्हाय की अक्का.

दाजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.
तुझा आकाराम

हुपरी
१६ जानेवारी

चि. आकारामास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

आधी खाली बस, मग वाच. कप माझ्याकडं हाय.

शुक्रवारी तुझ्याकडं आले, तेव्हा खुंटीवरची किल्ली घेऊन पोरींना तिळाचे लाडू द्यायला क्लबात गेले. डबा ठेवायला कपाट उघडलं तर आत कप काळाठिक्कर. चांदी घडवणाऱ्या हुपरीच्या बाईला ते कसं बघवणार? पोरी हरल्याच तर काळं भांडं दुसऱ्याच्या हाती द्यायचं? उजळून आणावा म्हणून घातला पिशवीत. सामन्याआधी परत द्यायची भाषा म्हणजे अपशकुन, म्हणून संयोगिताला बोलले नाही. सामना दरवर्षी सव्वीस जानेवारीला असतो. यंदा आधी घेतला हे कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि मला ऐकू आलं नाही, देव जाणे.

माझ्या शहाणपणापायी लेकरावर आळ आला, फार वाईट वाटतंय. गुडघ्यामुळं मला येववत नाही. कप आणि हे पत्र घेऊन हे पहिल्या एसटीनं निघालेत, चौकीत सगळं सांगतील. कपात साखर भरलीय. आपल्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत.

पोरीला जवळ घे. मला बोल लाव, पण पत्र पाठव.
अक्का

कोल्हापूर
२१ जानेवारी

ती. आत्यास संयोगिताचा नमस्कार.

आतोबांनी कप चौकीतल्या टेबलावर ठेवला. हवालदारांनी आधी चिमूटभर साखर तोंडात टाकली, मग जबाब लिहिला. तक्रार मागं घेतली गेली. विजयसिंहसाहेब माफी मागायला आले. मी म्हणाले, संशय स्वप्नालीवरही गेला होता, तिचीही मागा, सगळ्या संघासमोर. मागितली त्यांनी.

आणि आत्या, काल राज्याच्या संघात माझी निवड झाली. बाबा पेढे वाटत, मी म्हटलं नव्हतं का, असं अनोळखी माणसालाही सांगत फिरताहेत.

जिंकलेल्या संघाच्या कप्तानाला, अवंतिकाला, कप मी माझ्या हातानं दिला. असा लखलखीत तो मीही कधी पाहिला नव्हता. साखरेचं कारण ऐकून ती म्हणाली, पुढच्या वर्षी आम्हीही साखर भरूनच तुम्हाला परत देऊ. मी तिला तिथंच गप्प केलं. म्हटलं, परत द्यायची भाषा आधी करू नये, माझी आत्या रागावते.

तू मनाला लावून घेऊ नकोस. माया अशीच राहू दे, किल्ली मात्र आता खुंटीवर नसते.
तुझी संयोगिता